हद्दीतला हॉटेलवाला बिलच घेत नाही, काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: नाशिकच्या पोलीस अकॅडमीतून नुकताच बाहेर पडलेला पीएसआय, पहिलंच पोस्टिंग पुणे शहरात. हद्दीतला एक हॉटेलवाला जेवणाचे पैसे घेत नाही, दिवाळीत ड्रायफ्रूटचा डबा घरी पोचवून गेला, बरोबरचे सगळे म्हणतात एवढ्याने काय होतंय. तर हे चुकीचं आहे का, आणि नाही म्हणायचं तर कसं म्हणायचं? शिवाय वरिष्ठच पार्सल मागवत असतील तर काय, हा एक उपप्रश्न पण आहे.

मी फौजदार म्हणून लागलो आणि एसीपी म्हणून रिटायर झालो, बरीचशी नोकरी पुणे शहर आणि आसपासच. त्यामुळे पुस्तकी उत्तर देत नाही, पण पुस्तकात काय आहे तेही सांगतो कारण आपल्याकडे बहुतेकांनी ते वाचलेलंच नसतं.

आधी सरळ उत्तर, फाटे नंतर फोडू. स्वतःच्या हद्दीत, ज्याच्यावर उद्या कारवाई करावी लागू शकते त्याच्याकडे फुकट जेवू नका. बंदोबस्तात उन्हात उभे असताना कोणी पाण्याची बाटली आणून दिली, एखाद्या आजोबांकडे चोरीचा पंचनामा करायला गेलात आणि त्यांनी चहा ठेवला, तर तो घ्या, उगाच ताठ बसू नका, पुण्यात घरी आलेल्या माणसाने चहाला नाही म्हटलं की समोरच्याला वाईट वाटतं आणि मग तो नीट जबाबही देत नाही. पण हॉटेलवाल्याची थाळी आणि आजोबांचा चहा एका तागडीत टाकू नका. आजोबांना तुमच्याकडून एकदाच काम आहे आणि तेही त्यांच्या हक्काचं. हॉटेलवाल्याला रोज रात्री काम आहे, आणि ते काम म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही काहीही न करणं.

ओळखायचं कसं? मी नव्या पोरांना एक साधी गोष्ट विचारायचो, तुझी इथून बदली झाली की हाच माणूस तुला फुकट जेवायला घालेल का? कोथरूडवरून हडपसरला गेलात की पहिल्या महिन्यात कळतं. जुना मालक भेटला तर हसून हात करतो, "या की साहेब कधी" म्हणतो, आणि बिल बरोब्बर आणून ठेवतो. त्याची काही चूक नाही त्यात, तो धंदा करतो. तो तुम्हाला कधी जेवायला घालतच नव्हता, तो त्या खुर्चीला घालत होता आणि आता खुर्चीवर दुसरा बसलाय.

आता कायदा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चे, केंद्राचे १९६४ चे, दोन्हीचा साचा साधारण एकच आहे. भेट म्हणजे फक्त वस्तू नाही, फुकट प्रवास, फुकट राहणं-जेवण, कुठलीही फुकट सेवा हे सगळं त्यात येतं. मात्र सहज घडलेलं एखादं जेवण, गाडीतली लिफ्ट, सामाजिक पाहुणचार हे भेट धरत नाहीत. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं, "साहेब कॅज्युअल मील चालतं" म्हणून. पुढची ओळ कोणी वाचत नाही, तिथे स्पष्ट आहे की ज्याचा तुमच्या कामाशी संबंध येतो त्याच्याकडून वारंवार किंवा थाटाचा पाहुणचार टाळायचा. म्हणजे सहज आणि वारंवार यातलाच फरक आहे सगळा. दर मंगळवारी "सहज" कसं काय घडतं?

आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ मधलं कलम ७ सगळ्यांना माहीत असतं, सापळे त्यातच लागतात. पण कलम ११ एकदा निवांत वाचा. ज्याचं काम तुमच्याकडे आहे किंवा येण्याची शक्यता आहे अशा माणसाकडून फुकटात किंवा मुद्दाम कमी पैशात काही घेतलंत, तर बदल्यात तुम्ही काय केलंत हा प्रश्नच तिथे मुख्य नाही. ६ महिने ते ५ वर्षं शिक्षा आहे. आता प्लेटभर पोह्यावरून कोणी कलम ११ लावत नाही हे मलाही कळतं, तुम्ही पण घाबरून जाऊ नका. पण कायदा लिहिणाऱ्यांना हे नेमकं माहीत होतं की माणूस कामाच्या वेळी काही देत नाही, आधीपासून देत राहतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो, जबरदस्तीने द्यावं लागलं असेल तर त्याने ७ दिवसात कळवलं पाहिजे. म्हणजे जो प्रेमाने घालतोय त्यालाही तुम्ही अडचणीत आणताय.

"एवढ्याने माणूस बिघडतो का" हा वाद जगभर चाललाय. न्यूयॉर्कमध्ये १९७० ला नॅप कमिशन बसलं होतं, १९७२ ला रिपोर्ट आला, त्यात पोलिसांचे दोन प्रकार सांगितले होते, गवत खाणारे आणि मांस खाणारे. मांस खाणारे म्हणजे शिकारीला निघणारे, मोठ्या रकमांच्या मागे लागणारे. गवत खाणारे म्हणजे समोर आलं ते घेणारे, फुकट जेवण, थोडे डॉलर. आणि कमिशनचं म्हणणं असं की खरा प्रॉब्लेम या गवत खाणाऱ्यांचा, कारण ते संख्येने जास्त आणि त्यांच्यामुळे सगळ्याला प्रतिष्ठा येते, कोण कोणाविरुद्ध बोलणार, सगळ्यांनीच थोडं थोडं खाल्लेलं. माझा अनुभव विचाराल तर आज थाळी खाल्ली म्हणून उद्या हप्ता घेईल असं होतंच असं नाही, मी आयुष्यभर फक्त चहा-नाश्त्यावर थांबलेली माणसं पाहिलीत, चांगला तपास करणारी. पण त्याच माणसांना शेजारच्या टेबलावरच्या, हप्ते गोळा करणाऱ्या कलेक्शनवाल्याबद्दल तोंड उघडता आलं नाही, हेही पाहिलंय.

हाँगकाँगचं उदाहरण मला जास्त आवडतं कारण ते प्रॅक्टिकल आहे. तिथे १९७३ ला एक मोठा पोलिस अधिकारी प्रकरण अंगाशी येताच देश सोडून पळाला, लोक रस्त्यावर उतरले आणि १९७४ ला स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोग उभा राहिला. त्यांचा कायदा एवढा कडक की सरकारी नोकराने परवानगीशिवाय कुठलाही लाभ घेतला की गुन्हा, बदल्यात काही केलं की नाही ते बघतच नाहीत. पण त्यातूनही जागेवर बसून खाल्लेलं-प्यायलेलं वगळलंय. म्हणजे जगातल्या कडक कायद्यांपैकी एकानेही जेवणापुढे हात टेकले आणि बाकीचं खात्याच्या शिस्तीवर सोडलं. तर कायदा सगळं सांगेल म्हणून बसू नका, ठरवायचं तुम्हालाच आहे.

आता जे कोणी सांगत नाही ते. आपण सारखं बोलतो पोलिसाच्या मनाबद्दल, तो मिंधा होतो का, खाल्ल्या मिठाला जागतो का. अरे पण बघणाऱ्याचं काय? मी एका पोलीस स्टेशनला सीनियर असताना तिथल्या चौकीत भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं, खाली ठळक अक्षरात सौजन्य म्हणून हद्दीतल्याच एका परमिट रूमचं नाव. मी जाण्याआधीपासून होतं, रोज बघून बघून कोणाच्या डोळ्यालाही दिसत नव्हतं. एक दिवस जवळच्या सोसायटीतल्या एक काकू तक्रार घेऊन आल्या, रात्री साउंड सिस्टीम, खाली रस्त्यावर भांडणं, गाड्या आडव्या. आणि तक्रार त्याच परमिट रूमची. अंमलदार कागद शोधत होता तेवढ्यात काकूंचं लक्ष वर गेलं. शांतपणे विचारलं, "अर्ज इथेच देऊ, का थेट त्यांच्या काउंटरवर देऊ? वेळ तरी वाचेल सगळ्यांचा." कागद पर्समध्ये घातला आणि गेल्या. दोन आठवड्यांनी तोच अर्ज कमिशनर ऑफिसमधून शेरा मारून माझ्याकडे आला, त्यात घड्याळाचा उल्लेख सविस्तर.

त्या अंमलदाराने परमिट रूमवाल्याकडून एक पापड खाल्लेला नव्हता, मला खात्री आहे. तरी काकूंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढे आम्ही त्या जागेवर रीतसर कारवाई केली तेव्हाही सोसायटीतले लोक म्हणाले, वरून प्रेशर आलं म्हणून केली. घड्याळ मी त्याच दिवशी उतरवलं होतं, पण लोकांच्या मनातून ते कोण उतरवणार. बाहेर बीट मार्शलची बाईक हॉटेलसमोर अर्धा तास उभी दिसली की लोक हाच हिशोब करतात, आत तुम्ही पैसे देऊन खाताय का फुकट हे त्यांना कळत नाही आणि कळून घ्यायचंही नसतं.

याच्याच जोडीला बॅरिकेडवरच्या जाहिराती, ज्वेलरने दिलेल्या छत्र्या, बिल्डरने रंगवून दिलेली चौकी. लोक म्हणतात हे व्यक्तीला नाही, खात्याला दिलंय, त्यामुळे चालतं. चालतं, पण लेखी परवानगी, वरच्या ऑफिसमार्फत, आणि ज्याचा मॅटर त्याच पोलीस स्टेशनला चालू आहे त्याच्याकडून नाही. बिल्डरविरुद्ध चार फ्लॅटधारक फसवणुकीचा अर्ज घेऊन येणार आणि त्यांना त्यानेच रंगवून दिलेल्या चौकीत बसवणार, हे बरं दिसतं का?

दुसरी गोष्ट गस्तीची. रात्रीची गाडी कुठे थांबते? जिथे भुर्जी मिळते तिथे. त्यात वाईट हेतू नसतो, भूक लागते, थंडीत दोन वाजता दुसरं काही उघडं नसतं. पण मग पोलिसांची उपस्थिती त्या कोपऱ्याला रोज मिळते आणि आतल्या गल्लीत, जिथे चेन स्नॅचिंग झालंय, तिथे कोणी फिरकत नाही कारण तिथे भुर्जीची गाडीच लागत नाही. गस्त ही सगळ्यांच्या टॅक्सची आहे. तिचा रूट अंड्यांच्या गाडीने ठरवला तर बाकीच्यांनी काय करायचं, त्यांनीही गाड्या लावायच्या का?

आणि त्या गाडीवाल्याचंही ऐका. एका गाडीवाल्याची हिशोबाची वही माझ्या हातात आली होती, वेगळ्याच मारामारीच्या तपासात, तारीख जुळवायला. रोजचे रकाने आखलेले: अंडी, पाव, कांदा, गॅस, पोरगं (म्हणजे हाताखालच्या मुलाचा रोज), आणि शेवटचा रकाना "साहेब". कुठे ४ प्लेट, कुठे ६, शनिवारी जास्त. मी विचारलं हे काय, तर अगदी सहज म्हणाला, "खर्च आहे साहेब, गॅससारखाच." तक्रार नव्हती, राग नव्हता. रात्रपाळीतल्या पोरांना मी हे सांगितलं तर त्यातले दोघं खरंच हबकले, त्यांना मनापासून वाटत होतं की तो प्रेमाने देतो. अरे, तुझ्या हातात मपोका १०२ (महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १०२) आहे, रस्त्यात अडथळा म्हणून त्याची गाडी केव्हाही उचलू शकतोस, तो तुझ्याकडे पैसे कसे मागेल? तू मागितलं नाहीस हे खरं, पण त्याला नाही म्हणता येत नाही हेही तितकंच खरं. मोठ्या हॉटेलवाल्याला निदान वर ओळखी असतात, हातगाडीवाल्याला कोण आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता नुसती नीती शिकवणं सोपं आहे. खातं माणसाला बारा-चौदा तास उभं करतं आणि जेवणाचं काय ते बघत नाही. विसर्जन मिरवणुकीत अलका चौकात चोवीस तासांच्या वर माणूस उभा असतो, पॅकेट येतं ते कधी आंबलेलं, कधी येतच नाही. तिथे समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका पोहे आणि उपमा घेऊन खाली येतात, पालखीच्या मुक्कामात नाना पेठ-भवानी पेठेत वारकऱ्यांच्या पंगतीत पोलिसांनाही बसवतात, २०२० च्या लॉकडाऊनला नाकाबंदीवर लोकांनी घरचे डबे आणून दिले. हे सगळं बिनधास्त खा. उघड्यावर आहे, सगळ्यांना आहे, आणि देणाऱ्याचं नावही तुम्हाला माहीत नसतं. मंडळाचा नाश्ता सुद्धा, सगळ्यांना वाटत असतील तर घ्या. मंडळाने अधिकाऱ्यांसाठी वेगळी एसी रूम आणि वेगळी थाळी ठेवली असेल तिकडे मात्र जाऊ नका, कारण डेसिबल मीटर रात्री तुमच्याच हातात असणार आहे आणि ध्वनिप्रदूषणाचा गुन्हाही त्याच अध्यक्षावर तुम्हालाच नोंदवायचाय.

याहून अवघड जागा तपासाच्या खर्चाची, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. आरोपी परराज्यात, टीम पाठवायची, सरकारी गाडी मिळत नाही, प्रवासभत्त्याचं (टीए) बिल निघायला महिने लागतात. फिर्यादी म्हणतो साहेब माझी इनोव्हा घ्या, ड्रायव्हर देतो, लॉज-जेवण मी बघतो. लहान गुन्ह्यात हे वर्षानुवर्षं चालत आलंय आणि बिचारा फिर्यादी पण अगतिक असतो. पण आर्थिक फसवणुकीच्या मॅटरमध्ये, जिथे दोन पार्टनरचं भांडण आहे आणि एकाने एफआयआर केलीय, तिथे तुम्ही त्याच्या गाडीतून दुसऱ्याला उचलायला चाललात की तपास संपला. आरोपीचा वकील उलटतपासात पहिलं हेच विचारतो, कोणत्या गाडीने गेलात, टोल कोणी भरला, आणि आता फास्टॅगचं स्टेटमेंट एका अर्जावर मिळतं. ट्रेनचं वॉरंट (सरकारी खर्चाने तिकीट मिळण्याचा कागद) घ्या, ॲडव्हान्सचा अर्ज लेखी करा, नाही मिळालं तर नकार लेखी घ्या. उशीर होईल, होऊ दे.

बरं, नाही कसं म्हणायचं. भाषण करू नका. "मी घेत नाही असलं काही" असं हॉटेलात मोठ्याने म्हटलंत की मालकाचा अपमान होतो, बरोबरच्या हवालदारांचा तर त्याहून जास्त, आणि उद्यापासून सगळे तुमच्याशी जपून बोलतात. खायच्या आधी पैसे द्या, बस. पूर्वी ताटाखाली नोट ठेवायला लागायची आणि मालक मागे धावत यायचा, आता काउंटरवर क्यूआर आहे, स्कॅन करायचं, टिंग वाजलं की मग ऑर्डर द्यायची. तो म्हणणारच, "साहेब लाजवता का?" म्हणायचं, "मालक, पैसे घेतलेत तर रोज येईन, नाही घेतलेत तर यायला लाज वाटते." हे हसत म्हणता आलं पाहिजे. दोन-तीनदा झालं की विषय संपतो, आणि खरं सांगू का, बहुतेक मालकांना हायसं वाटतं. फायदा तुमचाही आहे, उद्या कारवाई केल्यावर तो बाहेर सांगू लागला की हे साहेब रोज फुकट खायचे, तर तुमच्या मोबाईलमध्ये प्रत्येक थाळीचं पेमेंट पडलेलं असतं. शक्य असेल तर डबा न्या, सगळ्यात उत्तम.

डिस्काउंट चालतो का? सगळ्या गणवेशवाल्यांना, बाहेर बोर्ड लावून, कुठल्याही हद्दीतल्या पोलिसाला असेल तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त "आपल्या स्टेशनला" असेल तर नको.

वरिष्ठांचं पार्सल. हे खरं दुखणं आहे. साहेब फक्त म्हणतात "जरा काहीतरी मागव रे", पैशाचा विषय निघत नाही, मग रायटर (लिखापढी बघणारा अंमलदार) किंवा ड्रायव्हर हॉटेलात जातो आणि "साहेबांनी सांगितलंय" एवढंच म्हणतो. साहेब उद्या छातीठोक म्हणू शकतात मी फुकट मागितलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. २०२१ ला पुण्यात ती ऑडिओ क्लिप फिरली होती, पोलीस अधिकारी हद्दीतल्या हॉटेलातून फुकट बिर्याणी मागवतात अशा आरोपाची, गृहमंत्र्यांनी चौकशी करायला सांगितली, संबंधित अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की क्लिपमध्ये छेडछाड केलीय. त्यातलं खरंखोटं मी इथे ठरवत नाही, मला लक्षात राहिलं ते एवढंच की शहरात कोणालाही आश्चर्य वाटलं नाही, लोकांनी मीम्स केले आणि पुढे गेले. याचं वाईट वाटायला हवं होतं आपल्या खात्याला.

तुम्ही पीएसआय आहात, सीनियरला तोंडावर नाही म्हणणं जमणार नाही हे मला कळतं. साधं करा, मागवायला सांगितलं की "हो सर" म्हणा, स्वतः ऑर्डर करा, ऑनलाइन पैसे भरा, आणि बिल पार्सलबरोबर टेबलावर ठेवा. काही न बोलता. चांगला साहेब असेल तर पाकिटात हात घालतो, नसेल तर दोनदा तुमचे पैसे जातात आणि तिसऱ्यांदा तो दुसऱ्याला सांगतो. आणि तुमच्या हाताखालच्या लोकांना मात्र कधीही पैसे न देता काही आणायला पाठवू नका. पाठवलंत की तो तिथे स्वतःचंही खाऊन येणार, आणि त्याला बोलायचं तोंड तुम्हाला राहणार नाही.

राहिला दिवाळीचा डबा. नियमात तुमच्याबरोबर कुटुंबातल्या माणसांनी किंवा तुमच्या वतीने कोणी घेतलेलंही तुमच्याच नावावर धरतात, त्यामुळे "मी ड्युटीवर होतो, घरी दिलं" ही सबब चालत नाही. घरच्यांना आधीच नीट सांगून ठेवा, नातेवाईक आणि शेजारी सोडून कोणाचंही पाकीट दारातून आत घ्यायचं नाही, साहेब घरी नाहीत आणि आम्ही घेत नाही, एवढंच म्हणायचं. आलेला डबा परत पाठवा, बीट हवालदाराच्या हाती नको, स्वतः नेऊन द्या किंवा सरळ कुरिअरने, पावती ठेवा आणि शक्य झाल्यास वरिष्ठांना दोन ओळी लिहून कळवा. मिठाई असेल आणि परत द्यायची राहून खराब व्हायला आली असेल तर कुठल्यातरी आश्रमाला देऊन पोच घ्या, पण ते पहिल्या वर्षी ठीक आहे. दरवर्षी आश्रमाला देताय म्हणजे दरवर्षी घेताय. आणि डबा परत पाठवायच्या आधी खालचा थर बघा, काजूकतलीखाली पाकीट निघालेलं मी स्वतः पाहिलंय, तसं काही दिसलं तर परत-बिरत करत बसू नका, त्याच मिनिटाला स्टेशन डायरीला नोंद आणि १०६४ ला, म्हणजे अँटी करप्शनच्या हेल्पलाइनला, फोन.